पुण्याहून मेलबर्नला घर हलवताना: खोके भरण्याआधीचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधलं दोन बेडरूमचं घर, नवरा-बायको आणि दोन मुलं. पाचेक महिन्यांत मेलबर्नला कायमचं जायचं आहे आणि सामान जहाजाने पाठवायचं ठरतंय. यादीत सागवानी देव्हारा, शिसवी झोपाळा, मुलाचा तबला-डग्गा, घरघंटी, आजेसासूबाईंच्या पितळी समया, हाताने लिहिलेल्या काही पोथ्या, गाद्या-गोधड्या आणि अख्खं स्वयंपाकघर आहे. 'पॅकर्स कसे निवडायचे, आणि यातलं काय नेता येईल?' असं विचारलंय.

पुण्या-मुंबईतून बाहेरदेशी जाणाऱ्या घरांचा सर्व्हे, पॅकिंग आणि कागदपत्रं हेच माझं काम आहे. पॅकर्सचं नंतर सांगतो, कारण ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या सामानाच्या बाबतीत तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न स्वच्छतेचा. दुबईला किंवा लंडनला घर हलवताना आपण मोडतोड होऊ नये म्हणून जपतो. ऑस्ट्रेलियाला हलवताना तेवढं पुरत नाही. तिथला कृषी खात्याचा अधिकारी तुमचा खोका उघडून आत दाणा, माती, किडा, साल किंवा बी शोधणार आहे, हे डोळ्यासमोर ठेवून सामान भरायचं असतं. काही सापडलं तर धुरी किंवा दुसरी प्रक्रिया करा, परत पाठवा किंवा नष्ट करा, एवढेच पर्याय उरतात. तिन्हींचा खर्च तुमचाच. म्हणून पाच महिन्यांतले पहिले तीन यादी करण्यात आणि धुण्या-पुसण्यात घालवा. खोके भरायला दोन-तीन दिवस पुरतात.

सगळ्यात मोठी भीती खपऱ्याची. धान्याच्या गोदामात पडणारा हा छोटा भुंगेरा आपल्याकडे जुना आहे. ऑस्ट्रेलियात तो नाही, आणि तिथली गव्हाची निर्यात तो नसण्यावर अवलंबून असल्याने तो येऊ नये म्हणून ते जिवापाड जपतात. याची अळी खायला काही नसताना फटीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकते, म्हणून वरवर पुसलेला डबा त्यांना पुरत नाही. तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे, जिरं, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या अशा बऱ्याच वस्तू घरसामानातून आणायला तिथे २०२० पासून बंदी आहे. म्हणजे आपल्या फडताळातलं जवळजवळ सगळंच. दूध-तुपाचंही तसंच, कारण भारतात गुरांना लाळ्या-खुरकुत आहे. त्यामुळे माझा सरळ सल्ला असा की कंटेनरमध्ये खाण्याची एकही वस्तू ठेवू नका. गोडा मसाला नाही, मेतकूट नाही, सांडगे-पापड नाहीत, मध नाही. मेलबर्नमध्ये भारतीय वाणसामानाची दुकानं भरपूर आहेत, अडणार काही नाही.

पण लोक जाणूनबुजून धान्य पाठवतात असं फारसं होत नाही. धान्य लपून जातं. देवाच्या डब्यात अक्षता असतात, सुपारी, हळकुंडं आणि बदाम असतात. रुखवताच्या वस्तूंवर डाळी-तांदूळ चिकटवलेले असतात. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून केलेली मोहरीची उशी माळ्यावरच्या पेटीत राहून गेलेली असते. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पात राजमा चिकटवलेला असतो. कापसाच्या जुन्या गादीत सरकी आणि सावरीच्या उशीत बिया सापडतात. म्हणून जुन्या गाद्या आणि सावरीच्या उशा नेऊ नका. गोधड्या मात्र खुशाल न्या, पण गरम पाण्यात धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून आणि आत जुनी गादी-उशी भरून शिवलेली नाही ना, हे पाहून.

घरघंटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इथेच कुणाला तरी देऊन टाका. तिच्या कोनाकोपऱ्यांत, जाळीत आणि मोटारीच्या आवरणाखाली वर्षानुवर्षांचं पीठ बसलेलं असतं आणि पूर्ण खोलून साफ केली तरी एखाद्या खाचेत राहतंच. अधिकाऱ्याच्या नजरेत ते पीठ खपऱ्याचं घर. दगडी जात्याचंही हेच, खुंट्याच्या भोकातलं आणि टाके मारलेल्या खाचांमधलं पीठ निघता निघत नाही. पाटा-वरवंटा, खलबत्ता मात्र घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून नेता येतो. मिक्सर न्या, आवर्जून न्या. ऑस्ट्रेलियात वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, फक्त पिनांचा आकार वेगळा. तिथल्या मिक्सरमध्ये आपली चटणी किंवा इडलीचं पीठ तसं होत नाही. भांड्यांच्या रबरी रिंगा, पात्यांखालची जागा आणि बुडाच्या कप्लरभोवतीची खाच जुन्या टूथब्रशने घासा. टोस्टरचा खालचा ट्रे आणि व्हॅक्युम क्लीनरची पिशवी रिकामी करा. गॅसची शेगडी नेऊ नका. तिथे गॅसची उपकरणं त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय जोडून देत नाहीत. सिलिंडरचं कनेक्शन निघण्याआधी वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर आणि अनामत परत घ्या, हे शेवटच्या आठवड्यात हमखास राहून जातं.

आता लाकूड. सागवानी देव्हारा बहुतेक वेळा सुखरूप जातो, कारण सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. पण देव्हाऱ्याची मागची फळी, खालचा कप्पा आणि कळसाच्या आतला आधार हे भाग पुष्कळदा आंब्याच्या किंवा इतर हलक्या लाकडाचे असतात आणि भुंगा तिथेच लागतो. देव्हारा रिकामा करून दोन आठवडे काळ्या कागदावर ठेवा. कागदावर मैद्यासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर आत कीड जिवंत आहे. ती फळी बदलून घ्या किंवा इथेच प्रक्रिया करून घ्या. हीच परीक्षा पाट, चौरंग, पोळपाट, बांबूच्या वस्तू आणि वारली चित्रांच्या चौकटींची करा. बांबूला कीड फार लवकर लागते. सूप, रोवळी, दुरडी, केरसुणी यांतलं काही नेऊ नका. देव्हाऱ्यातला शेंदूर, तेलाचा राप आणि फटींतलं हळद-कुंकू काढून टाका, कारण तेलकट थराखाली अडकलेला तांदळाचा दाणा बाहेरून दिसत नाही.

झोपाळ्याची गोष्ट वेगळी आहे. तो खरोखर शिसवी असेल तर प्रश्न किडीचा नाही, झाडाचा आहे. शिसव आणि शिसम ज्यात येतात त्या दालबर्जिया वर्गातल्या सगळ्या झाडांवर २०१७ पासून साइटस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. तयार वस्तूत हे लाकूड १० किलोपर्यंत असेल तर सूट मिळते, त्यावर परवान्याचा प्रश्न येतो. झोपाळ्याची एक फळीच त्याहून जड भरते. आधी जाणत्या सुताराला दाखवा, कारण घरोघरी 'शिसवी' म्हणून सांगितलेलं फर्निचर पुष्कळदा गडद पॉलिश केलेला साग असतो. खरोखर शिसव निघाली तर फळी नातेवाइकांकडे ठेवा आणि पितळी कड्या तेवढ्या न्या. चांगली फळी मेलबर्नचा सुतारही करून देईल, हत्ती-मोरांच्या कड्या तिथे मिळणार नाहीत.

समया आणि पोथ्यांना भारताचाच कायदा लागतो आणि हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा मूर्ती पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, त्यांना शास्त्रीय, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोल असेल तर. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. समई आजेसासूबाईंच्या लग्नातली असेल तर ती बहुधा शंभरीच्या आतली असेल, पण कस्टम्सच्या अधिकाऱ्याला हे तोंडी सांगून चालत नाही. जुनी दिसणारी पितळ-तांब्याची भांडी, मूर्ती, टाक यांचे चारी बाजूंनी फोटो काढा आणि पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घ्या. खात्याच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. कुठे आणि कोणत्या दिवशी वस्तू दाखवायच्या, हे तिथे विचारून घ्या आणि याला वेळ लागेल हे धरून चाला. पोथ्यांबद्दल मी आग्रहाने सांगेन: नेऊ नका. त्यांची पानं नीट स्कॅन करून घ्या आणि मूळ पोथ्या पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यासारख्या संस्थेत दाखवा. त्यांना हव्या असतील तर द्या. समुद्रावरच्या दमट कंटेनरमध्ये जुना हातकागद महिनाभर ठेवणं, हे कायदा बाजूला ठेवला तरी त्या पोथीवर अन्यायच आहे.

मोरपिसं, हस्तिदंताची फणी, शहातूश शाल, चंदनाचं खोड यांतलं काही घरात असेल तर तेही इथेच ठेवा.

तबला-डग्गा कंटेनरमध्ये घालू नका, विमानाने बरोबर न्या. त्याचं कारण नीट समजून घ्या. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, वाद्याही कातडीच, आणि ही कातडी कमावलेली नसते. जहाजाच्या सामानात ती सापडली की प्रक्रियेसाठी वेगळी काढली जाऊ शकते. मिथाइल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी कातडं, लोकर आणि रबर यांना मानवत नाही, उग्र वास बसतो आणि तो जात नाही. गॅमा किरणांची प्रक्रिया झाली तर कातडं कमजोर होण्याची भीती असते. बरोबर नेलात तर विमानतळावर उतरताना भरायच्या कार्डावर 'प्राणिजन्य वस्तू' आणि 'लाकूड' याला 'हो' लिहा आणि अधिकाऱ्याला स्वतः उघडून दाखवा. स्वच्छ, केस नसलेली, कीड नसलेली पुडी पाहून निर्णय समोरच होतो आणि तुम्हाला प्रश्न विचारता येतात. लपवलं तर मोठा दंड होतो, म्हणून शंका असेल तिथे 'हो' लिहायचं. लोकरीची सतरंजी आणि कोल्हापुरी चपलांसाठीही हाच नियम. चपला न्या, पण तळव्याची माती पार घासून. सह्याद्रीत भटकलेले बूट, सायकलची चाकं, क्रिकेटचे स्पाइक्स, तंबू आणि खुरपं या सगळ्यांवरची माती ब्रशने काढून पाण्याने धुवा. मातीचा एक चिकटलेला गोळा अख्खी खेप अडवू शकतो.

कशात भरायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. हापूसच्या पेट्या घरात असतील तर त्यांना हात लावू नका. फळांचे, अंड्यांचे, मांसाचे वापरलेले खोके आणि पेंढा चालत नाही. लाकडी क्रेट लागला तर त्यावर आयएसपीएम १५ या, लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने प्रक्रिया केलेलं असतं. पॅकर्स भवानी पेठेतून साध्या फळ्या आणून जागेवर क्रेट ठोकायला लागले तर काम थांबवा आणि शिक्का दाखवायला सांगा.

खोके नवे, पाच किंवा सात पदरी. पुस्तकं छोट्या खोक्यात, वजन २० किलोंच्या आसपास. ताटल्या आडव्या न रचता उभ्या भरायच्या. पॉलिश केलेल्या लाकडाला बबल रॅप थेट लावू देऊ नका. कंटेनर उन्हात तापला की त्याचे गोल ठसे पॉलिशवर कायमचे उठतात. आधी साधा कागद किंवा फोमची शीट, मग बाकीचं. तुम्ही जून ते सप्टेंबरात निघत असाल तर भरायच्या दिवशी घरातली हवाच ओली असते आणि ती खोक्यात बंद होते. कपडे आणि पुस्तकं आधी दोन दिवस पंख्याखाली ठेवा आणि कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगायला सांगा. कापूर, काडेपेट्या, अत्तर, नेलपॉलिश, पॉवरबँक आणि इन्व्हर्टरची बॅटरी हे ज्वालाग्राही किंवा धोकादायक मालात मोडतं. पूजेच्या सामानाबरोबर कापराची डबी सहज जाते, ती काढा.

यादीचा मुद्दा इथे येतो आणि माझ्या मते चांगल्या पॅकर्सची ओळख त्यांच्या यादीवरून पटते. 'किचन आयटम्स' किंवा 'मिसलेनियस' असं लिहिलेला खोका तिथे आधी उघडला जातो. 'स्टीलची भांडी, कुकर, मिक्सरची भांडी' असं लिहा. लाकूड, कातडं, लोकर, वाळलेली पानं-फुलं असं जे काही असेल ते सगळ्या खोक्यांत विखरू नका. तीन-चार खोक्यांत एकत्र भरा, त्यांचे क्रमांक यादीत ठळक करा आणि ते कंटेनरच्या दाराशी चढवायला सांगा. तपासणीला तेच समोर येतात, बाकीची उलथापालथ वाचते. स्वतः खोका भरू नका. मालकाने भरलेल्या खोक्यापुढे यादीत 'पीबीओ' असं लिहितात आणि आतल्या फुटीची भरपाई विमा कंपनी बहुधा देत नाही.

विमा घ्या आणि 'ऑल रिस्क' घ्या. वस्तूची किंमत लिहिताना इथली जुनी किंमत लिहू नका, ती मेलबर्नमध्ये पुन्हा घ्यायला काय पडेल ते लिहा. विम्याचं दुसरं कारण लोकांना माहीत नसतं. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला, तर सागरी कायद्याप्रमाणे तो खर्च जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांवर वाटला जातो. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या जहाजाच्या बाबतीत असंच जाहीर झालं होतं. ज्यांच्या वस्तूंना ओरखडाही नव्हता, त्यांच्याकडूनही सामान सोडण्याआधी हमी मागितली गेली. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. जहाज बुडणं दुर्मीळ, पण २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडालं, तेही लक्षात ठेवा.

किती सामान आणि कसं पाठवायचं? वीस फुटी कंटेनर कागदावर सुमारे ३३ घनमीटरचा, पण घरसामान त्यात २८-३० घनमीटरच्या वर क्वचित बसतं. सोफा, कपाटं आणि फ्रिज सोडले तर तुमचं घर त्याच्या निम्म्याहून कमी भरेल. मग लिफ्टव्हॅनमध्ये, म्हणजे मोठ्या लाकडी पेटीत, दुसऱ्यांच्या सामानाबरोबर सामायिक कंटेनरने पाठवणं स्वस्त, पण कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं आणि दुसऱ्याच्या सामानात कीड निघाली तर तुमचंही अडकू शकतं. न्हावा शेव्याहून बहुतेक मार्गांवर कोलंबो, सिंगापूर किंवा मलेशियातल्या पोर्ट क्लांगला जहाज बदलतं, त्यामुळे घर ते घर अडीच-तीन महिने धरा. विमानाने पाठवायचं तर एक घनमीटर म्हणजे किमान १६७ किलोचं भाडं, मग आत उशा असोत की पुस्तकं. शाळेचे गणवेश, थंडीचे कपडे आणि दोन कुकर एवढंच विमानाने पाठवा.

कराचा नियम तुमच्या बाजूचा आहे, तो बिघडवू नका. निघण्याआधी १२ महिने किंवा त्याहून जास्त काळ तुमच्या मालकीचं आणि वापरातलं सामान ऑस्ट्रेलियात शुल्क आणि जीएसटीशिवाय सुटतं. त्यासाठी बी ५३४ नावाचं निवेदन भरावं लागतं. निघायच्या महिन्यात तुळशीबागेत आणि बोहरी आळीत जाऊन घेतलेली नवी भांडी त्यात बसत नाहीत. नवं काही घ्यायचंच असेल तर ते विमानात बरोबर न्या, तिथे प्रौढ प्रवाशाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या सर्वसाधारण वस्तूंची सूट आहे. दागिने कधीच कंटेनरमध्ये नाहीत. मूल्यांकनाचं पत्र घेऊन मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे पुढे ते दागिने घालून परत येताना वाद होत नाही. मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी, पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं, चालू औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत.

आता पॅकर्स. तीन जणांना घरी बोलावून सर्व्हे करायला लावा, फोनवरचा अंदाज मानू नका. तिघांनी सांगितलेल्या घनफळाची तुलना करा. दोघे १२ घनमीटर म्हणताहेत आणि तिसरा ८, तर तिसरा स्वस्त नाही, त्याचा फरक तुम्ही मेलबर्नला भरणार आहात. दरपत्रकात तिथल्या बंदराचे आकार, डिलिव्हरी ऑर्डर, जैवसुरक्षेची तपासणी, जिन्याने सामान चढवणं आणि खोके उघडून रिकामे खोके नेणं, यांतलं काय धरलंय आणि काय नाही, हे लेखी मागा. तिथला त्यांचा एजंट कोण आणि ते फिडीचे सदस्य आहेत का, हे विचारा. फिडी ही घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांची जागतिक संघटना आहे आणि तिच्या फाइम प्रमाणपत्रासाठी बाहेरून तपासणी होते. एवढ्याने कंपनी चांगलीच असेल असं नाही, पण गाळणी म्हणून ते उपयोगी पडतं.

मेलबर्नला पोचल्यावर लगेच तिथला फोन नंबर आणि पत्ता एजंटला कळवा. तपासणीच्या वेळी एखाद्या वस्तूबद्दल विचारणा आली आणि उत्तर वेळेत गेलं नाही तर गोदामाचं भाडं चढत राहतं. सामान घरात येईल त्या दिवशी यादी हातात घेऊन दारात उभं राहा, एकेक क्रमांक खूण करून आत घ्या. खोका चेपलेला किंवा ओला दिसला तर फोटो काढा आणि सही करण्याआधी त्याच कागदावर तसं लिहा. विम्याच्या दाव्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते आणि ती थोडी असते. त्यामुळे काचेचे आणि क्रोकरीचे खोके आधी उघडा, पुस्तकं महिनाभर बंद राहिली तरी चालतील.